घरच्या घरी : बेसिनचे बूच अडकले तर



गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतील घरांची ठेवण पुष्कळच बदलली. पूर्वी मोरीत बसून तांब्याने पाणी घेतले, तोंड धुतले, की भागत असे. आता नव्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात किंवा जेवणघराच्या दाराशी पांढरेशुभ्र बेसिन बसते. पाहुणा उभ्याउभ्या हात धुतो, म्हाताऱ्या माणसांना वाकावे लागत नाही. सोय झाली, यात शंका नाही. पण प्रत्येक सोय आपल्याबरोबर एक नवी दुरुस्ती घेऊन येते. बेसिनच्या तळाशी जे बूच असते, ते एके दिवशी अडकून बसते. बंद असताना अडकले तर बेसिन तुडुंब भरते, आणि उघडे असताना अडकले तर पाणी ठरत नाही.

मिस्त्रीला निरोप धाडावा, तर तो तालुक्याला. तो येणार दोन दिवसांनी, त्याचे काम दहा मिनिटांचे, आणि जाण्यायेण्याचे पैसे वेगळे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! म्हणून ही दुरुस्ती घरच्या घरी कशी करावी ते या खेपेस पाहू. हिला ताकद लागत नाही, धीर लागतो. शाळेत जाणारी मुलगीसुद्धा एकदा पाहून दुसऱ्या वेळी स्वतः करील.

बूच हवेच कशाला?

कोणी म्हणेल, अडकले ना, मग काढून फेकून द्या. तसे करू नये. आपल्या मराठवाड्यात तर नाहीच नाही.

आपल्या घरचा नळ पूर्ण सोडून त्याखाली दहा लिटरची बादली ठेवून पाहा. साधारण दीड-दोन मिनिटांत ती भरते. म्हणजे दाढी करताना पाच मिनिटे नळ सुरू राहिला, तर अडीच-तीन बादल्या पाणी गटारात गेले. तेच बूच लावून बेसिनमध्ये पाणी घेतले, तर दोन-तीन लिटरांत दाढी होते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात, पैठणला नाथसागर भरलेला असतानाही, लोकांनी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या नळावर दिवस काढले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तर आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या मुलखात पाणी गाडीतून येते, तिथे बूच ही चैनीची वस्तू नव्हे.

ते अडकते का?

आपल्याकडची विहीर असो वा बोअर, पाणी काळ्या पाषाणातून झिरपून येते. वाटेत ते चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, ते याच पाण्यामुळे. त्याला आपण जड पाणी म्हणतो. पाण्याचा थेंब सुकून गेला तरी क्षार मागे राहतो. बुचाच्या कडेला रोज असा थर साचतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो.

दुसरा दोष साबणाचा. जड पाण्यात साबण विरघळून जात नाही, त्याचा चिकट पांढरा साका होतो. त्यात डोक्याचे केस गुंततात, दाढीचे केस मिसळतात, मिश्रीची पूड आणि शेतातून आल्यावर हातापायांची धुतलेली माती बसते. क्षार, साका आणि केस मिळून बुचाभोवती गोळा होतो. मग बूच हलेल कसे?

कारण कळले की उपायही कळतो. क्षाराला आंबट लागते, साक्याला कोमट पाणी लागते आणि केसांना आकडा लागतो. दांडगाई कशालाच लागत नाही.

आधी ही तयारी

एक रिकामी बादली, जुने फडके, दातांचा जुना ब्रश, दोन लिंबे किंवा वाटीभर व्हिनेगर, टॉर्च, एक पाना आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा. या तुकड्याचा उपयोग पुढे येतोच. वीतभर पातळ तारेच्या टोकाला आकडाही करून ठेवावा.

बेसिनमध्ये पाणी तुंबले असेल तर आधी ते मगाने बादलीत काढावे. पाणी काढल्याने बुचावरचा भार जातो आणि निम्मे काम तिथेच होते. उरलेले फडक्याने टिपून घ्यावे. हे पाणी फेकू नये, परसात केळीला किंवा अळूला घालावे.

बुचाचे तीन प्रकार

आपल्याकडे तीन तऱ्हेची बुचे आढळतात. आपले कोणते ते ओळखून मगच हात घालावा.

पहिले, साखळीचे रबरी बूच. जुन्या बेसिनला हेच असते. रबर फुगून भोकात रुतते आणि ओढाओढीत साखळी तुटते. अशा वेळी चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर खुपसू नये, रबर फाटते आणि बेसिनला ओरखडा पडतो. चमच्याचा चपटा दांडा बुचाच्या कडेखाली हलकेच सारून एका बाजूने उचलावा. कडेतून हवा आत शिरली की बूच आपोआप सुटते. रबर चिरले असेल तर नवे आणावे. आणताना जुने बरोबर न्यावे, म्हणजे मापाचा घोळ होत नाही. बेसिनचा हा मार्ग बहुधा सव्वा इंची, म्हणजे ३२ मिलिमीटरचा असतो.

दुसरे, दाबाचे बूच. एकदा दाबले की बंद, पुन्हा दाबले की उघडे. नव्या घरांतून हेच जास्त दिसते. याच्या टोपीखाली कमान असते, तिच्यात साका भरला की ती उसळत नाही. प्रथम अंगठ्याने टोपीच्या बरोबर मध्यावर दहा-पंधरा वेळा दाबून सोडावे. कडेवर दाबू नये, टोपी तिरपी होऊन अधिकच अडकते. पुष्कळदा एवढ्यानेच ती मोकळी होते.

न झाल्यास लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये फडके भिजवून ते टोपीभोवती गुंडाळावे आणि अर्धा तास तसेच ठेवावे. मग त्यावर कोमट पाणी ओतावे. पाणी कोमटच हवे. उकळते पाणी एकदम ओतले तर चिनी मातीचे बेसिन तडकण्याची भीती असते आणि खालचा प्लॅस्टिकचा नळ मऊ पडतो. त्यानंतर टोपी वर असेल तर ट्यूबचा तुकडा तिच्याभोवती गुंडाळून डबीचे झाकण उघडतो त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरवावी. नुसत्या हाताने ओली टोपी निसटते, रबराने पकड बसते. पक्कड लावली तर वरचा चकचकीत मुलामा निघतो.

इथे एक खूण ध्यानात ठेवावी. टोपीबरोबर तिच्याभोवतीची सगळी कडीच फिरू लागली, तर लगेच थांबावे. तसेच फिरवत राहिल्यास बेसिनखालचे वायसर सैल होते आणि गळती सुरू होते. अशा वेळी एकाने बेसिनखालचा मोठा नट पान्याने धरून ठेवावा आणि दुसऱ्याने वरून टोपी फिरवावी. नवरा-बायकोने मिळून करण्याजोगे हे काम आहे.

तिसरे, दांडीचे बूच. नळाच्या मागे एक लहान दांडी असते, ती वर ओढली की बूच बंद होते आणि खाली दाबली की उघडते. हे बूच वरून कितीही ओढले तरी निघत नाही, कारण ते खालून अडकवलेले असते. टॉर्च घेऊन बेसिनखाली पाहावे. उभ्या नळात आडवी शिरणारी एक बारीक सळई दिसेल आणि ती जिथे शिरते तिथे एक गोल नट असेल. खाली बादली ठेवून तो नट हाताने सैल करावा, सळई बाहेर ओढावी. आता वरचे बूच सहज हाती येते. ते स्वच्छ करून परत टाकताना त्याच्या खालच्या टोकाचे भोक सळईच्या बाजूला यावे, म्हणजे सळई त्यातून ओवता येते.

वरून जमले नाही तर खालून

वरून सगळे करूनही टोपी हलत नसेल तर बेसिनखाली बसावे. तिथे बाटलीच्या आकाराचे एक भांडे लोंबत असते किंवा नळीला वाकडे वळण दिलेले असते. मिस्त्री याला ट्रॅप म्हणतात. या वळणात नेहमी थोडे पाणी उभे राहते. ते पाणी म्हणजे दारावरचा राखणदार आहे. गटाराचा वास, झुरळे आणि डास त्यामुळे घरात येत नाहीत. १७७५ मध्ये लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळ बनवणाऱ्या कारागिराने शौचालयासाठी अशा वाकड्या नळाचे पेटंट घेतले. आज जगभरच्या बेसिनांखाली तीच युक्ती आहे आणि आपल्या न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपही त्याच तत्त्वावर चालतो.

खाली बादली ठेवावी आणि बाटलीचा तळ हाताने फिरवून सोडवावा. आपण खालून वर पाहत असतो, त्यामुळे दिशेचा गोंधळ होतो. हात तळाखाली धरून डबीचे झाकण उघडल्यासारखा फिरवावा. आत साचलेला काळा गाळ बादलीत पडेल. वास येईल, पण घाबरण्याचे कारण नाही. बाटली ज्या नटाने वरच्या नळाला जोडलेली असते तोही सैल करून ती बाजूला घ्यावी. मग चाटूचा दांडा किंवा तसेच बोथट लाकूड वरच्या नळातून हलकेच वर सारून बुचाला खालून टोला द्यावा. वरून जे अर्धा तास ऐकत नव्हते ते खालून दोन टोल्यांत निघते.

बूच निघाले की तारेच्या आकड्याने केस ओढून काढावेत. ते पुन्हा नळात ढकलू नयेत. पुढे जाऊन ते शोषखड्ड्याचे तोंड बुजवतात. बूच लिंबाच्या पाण्यात घालून ठेवावे आणि ब्रशने घासावे. बेसिनच्या काठाखाली एक लहान छिद्र असते, जादा पाणी जाण्यासाठी. तेही ब्रशने मोकळे करावे.

हे मात्र करू नका

आता सर्वांत महत्त्वाचे. वाचणाऱ्याने हा भाग घरात सर्वांना वाचून दाखवावा.

पुष्कळ घरांत मोरीच्या कोनाड्यात अ‍ॅसिडची बाटली असते. बूच अडकले, ओता अ‍ॅसिड! या अ‍ॅसिडने बुचाचा मुलामा जातो, धातू खाल्ला जातो, सिमेंटचे सांधे उखडतात. आपली शहाबादी फरशी हा चुन्याचाच दगड आहे. तिच्यावर थेंब पडला की फेस येतो आणि कायमचा डाग राहतो. फरशीवर लिंबाचा रस सांडला तरी लगेच पुसून घ्यावा, तो याचसाठी.

पण फरशीपेक्षा माणूस मोलाचे. विहिरीत आणि टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर बहुतेक गावांत असते. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडला तोच हा विषारी वायू. कोंदट न्हाणीघरात तो छातीत गेला तर जिवावर बेतते. लिंबाचा रस आणि व्हिनेगर हीही सौम्य अ‍ॅसिडेच आहेत, म्हणून ज्या बेसिनमध्ये ब्लीचिंग पावडर टाकली असेल तिथे भरपूर पाणी ओतून ते धुऊन निघाल्याखेरीज लिंबूसुद्धा वापरू नये. चुकून वायू सुटलाच, तर काही आवरत न बसता आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे, मुलांना बाहेर काढावे. खोकला किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठावा.

नळ साफ करण्याची जी पावडर मिळते तिच्यात बहुधा कॉस्टिक सोडा असतो. पाणी लागताच तो तापतो आणि कातडी भाजतो. त्यावर अ‍ॅसिड कधीही ओतू नये. ज्या नळात कोणी अशी पावडर टाकली असेल तो नळ त्या दिवशी उघडू नये, आतले पाणी तोंडावर उडते. डोळ्यात उडालेच तर चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा उघडा धरून किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच डॉक्टरकडे जावे. मुलाने असले काही प्यायले तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. वर येताना ते घसा दुसऱ्यांदा जाळते. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखान्यात न्यावे. आणि अ‍ॅसिड सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. मुलाला बाटलीचा आकार कळतो, आतले काय ते कळत नाही.

लिंबू आहे, कोमट पाणी आहे, हात आहेत. एवढ्यात होणाऱ्या कामाला विष कशाला हवे?

परत बसवताना

सगळे भाग धुऊन क्रमाने फडक्यावर मांडून ठेवावेत. जे आधी निघाले ते शेवटी बसते. वायसर वाकडे झाले असेल तर नवे घालावे, त्याची किंमत फार नसते. धातूच्या आट्यांना थोडे पेट्रोलियम जेली लावावे, म्हणजे पुढच्या वेळी ते सहज सुटतात. रबराला मात्र तेल किंवा जेली लावू नये, रबर फुगते. प्लॅस्टिकचे नट हातानेच आवळावेत. पान्याने आवळल्यास आटे तुटतात.

मग ट्रॅपखाली जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरावे, बूच लावून बेसिन भरावे आणि एकदम सोडावे. पंधरा मिनिटांनी कागद पाहावा. तो कोरडा असेल तर काम झाले. एक जरी ओला ठिपका दिसला तर त्याच्या वरचा नट थोडा आवळावा. डोळ्याला न दिसणारी गळती कागदाला दिसते.

पुढे महिन्यातून एकदा बूच काढून ब्रश फिरवला आणि रात्री निजताना बेसिन फडक्याने कोरडे केले, तर क्षार धरतच नाही. आंघोळीनंतरचे केस विंचरणे बेसिनपासून दूर करावे, हे मुलींना सांगून ठेवावे.

नवे घर बांधणाऱ्यांना दोन शब्द

संभाजीनगरला गेलात तर पाणचक्की जरूर पाहावी. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गाव वसवले, तेच आजचे शहर. त्याने डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. त्यांपैकी नहर-ए-अंबरीचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. त्याच परंपरेतल्या, पुढच्या काळात झालेल्या नहरीवर पाणचक्की चाले. मातीच्या पक्क्या नळांतून आलेल्या पाण्याच्या जोरावर तिथले जाते फिरे आणि पीठ दळले जाई.

त्या कारागिरांची एक गोष्ट आपण उचलण्याजोगी आहे. पाणी जमिनीखाली झाकले, पण ठिकठिकाणी आत उतरून साफ करता येईल अशा जागा राखल्या. पाण्याच्या वाटेत आज ना उद्या गाळ येणारच, हे त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून त्या नहरींनी शेकडो वर्षे पाणी दिले. पुढे कित्येक ठिकाणी त्या वाटा बुजल्या, वर बांधकामे झाली, हात पोचेनासा झाला, आणि पाणी आटले.

आज आपण नेमके उलटे करतो. शोभेसाठी ट्रॅप भिंतीत सिमेंटने गाडतो किंवा त्याच्यापुढे न उघडणारे लाकडी खोके ठोकतो. मग तीस-चाळीस रुपयांच्या वायसरसाठी भिंत फोडावी लागते. तेव्हा मिस्त्रीला आधीच निक्षून सांगावे : ट्रॅप उघडा ठेव, त्याच्याखाली बादली मावेल एवढी जागा ठेव, आणि खोके करायचेच असेल तर त्याला दार कर. हे सांगण्याचे काम घरच्या बाईने करावे, कारण पुढे साफसफाई तिच्याच हातून होणार असते.

बूच असो, नळ असो की शेताचा पाट असो, नियम एकच. जिथून पाणी वाहते तिथे आपला हात पोचला पाहिजे. हात पोचतो तिथली वस्तू घरच्या घरी दुरुस्त होते.

पुढच्या अंकी गळका नळ आणि त्याचे वायसर याविषयी पाहू. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी दवडतो. तोवर आपल्या नळाखाली रात्रभर तांब्या ठेवून सकाळी किती भरतो ते पाहून ठेवावे.